आधी पाणी

कुमासीच्या बसथांब्यावर निवृत्त शिक्षिका अडोमाबाईंच्या पुढे शिकागोहून आलेला बाप आणि त्याची इथेच जन्मलेली लेक आजोबांच्या गावच्या बसची वाट पाहत उभे होते.

“सराव करू. मी आजोबा झाले,” लेक म्हणाली. “या, जावईबापू.”

“आजोबा, घर बांधायला जागा द्याल? आम्हाला कायमचं इथेच राहायचंय.”

“नापास! आधी पाणी प्यायचं. आजोबांनी विचारलं की मगच बोलायचं. आईला मागणी घालतानाही तुम्ही दारातूनच सुरू झाला होतात!”

“म्हणून तर गल्लीतली पोरं माझ्यासारख्या काळ्यालाही ‘गोरा’, म्हणजे परदेशी, म्हणतात.”

“आजोबाही म्हणतात.”

अडोमाबाईंनी पाण्याची पिशवी पुढे केली. त्याने ती उजव्या हाताने घेतली; तो सावकाश पाणी प्यायला आणि त्यांच्या प्रश्नाची वाट पाहत उभा राहिला.

“कसं येणं केलंत?”

“सगळं कुशल आहे, आजी. राहायला आलोय.”

“बघा, बाबा! आजोबांनाही एवढंच सांगा.”