ओजसने आणलेले काडतूस

दि. ३ ऑक्टोबर २०२५, त्सुकुबा, जपान.

नाव: विश्वनाथ मोरेश्वर बेहेरे. वय: ६९ वर्षे. व्यवसाय: निवृत्त दारूगोळा तपासनीस. राहणार: पुणे, सध्या मुलगा ओजस याच्या घरी, त्सुकुबा.

मी समक्ष हजर राहून, दुभाषी सुचेताबाई यांच्यामार्फत, सांगतो की,

मी एकतीस वर्षे कारखान्यात काडतुसे तपासून पास-नापासचा शेरा देत होतो. घरी या कामाबद्दल कोणी विचारत नसे आणि मीही सांगत नसे. ओजस संशोधन संस्थेत नोकरीस आहे. सून तेजश्री हिच्यासह तो नऊ वर्षे येथे राहतो. मी ऑगस्टपासून त्यांच्याकडे आलो आहे.

ओजस कामानिमित्त अमेरिकेत गेला होता. दि. १४ सप्टेंबर रोजी सकाळी ६.४० वाजता त्याचा व्हिडिओ कॉल आला. तेथील एका सहकाऱ्याने त्याला आपल्या शेतावर नेले होते. त्या गृहस्थाकडे मोठ्या बोअरचे, म्हणजे रुंद नळीचे, रिव्हॉल्व्हर आहे व त्याची काडतुसे तो घरी स्वतः भरतो. त्याने चार डबे मांडून पाहुण्याला निवडायला सांगितले होते. ओजस म्हणाला, "बाबा, हे तुमचं डिपार्टमेंट. कुठलं घेऊ?"

मी एकेक डबा कॅमेऱ्याजवळ धरायला लावला. पहिल्यावर चिठ्ठीच नव्हती. दुसऱ्याच्या चिठ्ठीवर दारूच्या वजनाचा आकडा खोडून पुन्हा लिहिला होता. असला माल मी आयुष्यात पास केलेला नाही. तिसऱ्यात चिठ्ठीप्रमाणे दारूचा भार जास्त होता, आणि ओजसचे मनगट कीबोर्ड बडवणारे आहे. चौथ्यात शिशाची गोळी, हलका भार, चिठ्ठीवर तारीख आणि सगळी काडतुसे एका उंचीची. मी म्हणालो, "हे घे. आणि दोन्ही हातांनी धर." त्याने सहा उडवली. कॉल बावीस मिनिटे चालला. मला फार आनंद झाला, हेही लिहून घ्यावे.

दि. २० सप्टेंबर रोजी तो परत आला. त्याने मला चौथ्या डब्यातले एक काडतूस दिले. सामानाच्या तपासणीत ते कसे निघाले नाही, हे मला सांगता येणार नाही. आठवण म्हणून दारू न भरलेले काडतूस देतो, असे त्या गृहस्थाने त्याला सांगितले होते. ओजस म्हणाला, "तुम्ही निवडलेलं आहे, बाबा. रिकामं आहे ना? बघा एकदा." मी ते हातात घेऊन कानाशी हलवले. आत दारू सरकल्याचा आवाज आला. मी म्हणालो, "रिकामं आहे."

त्यानंतर मी ते जुन्या चष्म्याच्या घरात कापूस घालून ठेवले. दिवसातून एक-दोनदा काढून पाहत असे.

दि. १ ऑक्टोबर रोजी खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारे-अवजारे पुजतात. तेजश्रीने पाटावर लॅपटॉप, सुरी, पाना व सायकलची किल्ली मांडली. मी शेजारी काडतूस ठेवले व त्याला हळदीकुंकू वाहिले. तेजश्रीने फोटो काढून येथील मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला.

त्याच दिवशी सव्वाअकरा वाजता योकोहामाहून मंडळाचे प्रकाश यांचा फोन आला. ते म्हणाले, "काका, ते खरं आहे का हो? इथे घरात असलं सापडलं तर ओजस-सानची नोकरी जाईल, व्हिसा जाईल." तोपर्यंत मी इतका विचार केला नव्हता. करायला हवा होता. 

दि. २ रोजी सकाळी मी तेजश्रीला घेऊन चौकातल्या पोलिस चौकीत गेलो. मी चष्म्याचे घर उघडताच हवालदार उभे राहिले व मला हात टेबलावर ठेवायला लावले. त्यांची पद्धत योग्य होती.

काडतूस भरलेले आहे हे ओजसला माहीत नव्हते. ज्याला विचारायला हवे त्यालाच त्याने विचारले होते. त्याच वेळी खरे का सांगितले नाही, असे मला विचारण्यात आले. सांगितले असते तर त्याचा चेहरा पडला असता. इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदा माझ्या कामातले काही आणले होते.

माझ्यावर कारवाई होऊ शकते व मला पुन्हा या देशात येऊ देणार नाहीत, हे मला समजावून सांगितले आहे.

हा मजकूर सुचेताबाईंनी मला मराठीत सावकाश वाचून दाखवला. 'वयोमानामुळे वडिलांच्या लक्षात आले नसावे' असे एक वाक्य त्यात ओजसच्या सांगण्यावरून घातलेले होते. ते मी काढायला लावले. माझ्या लक्षात आले होते. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे, म्हणून खाली सही करतो.

वि. मो. बेहेरे