ह्यांनी पाय दाखवला नाही

मी मूळची इचलकरंजीची. माहेरी माग, सासरी माग, खडखडाटाशिवाय झोप यायची नाही, त्यामुळे इंग्लंडला आल्यावर मला कितीतरी दिवस झोप लागली नाही ती थंडीने नव्हे, शांततेने. हे मोज्यांच्या कारखान्यात मशिनं दुरुस्त करायचे. लेस्टरपासून तासाभरावरचं शहर आमचं, नाव लिहू नका. काय सांगू तुम्हाला, अख्ख्या शहराच्या पायात ह्यांच्या मशिनचे मोजे, आणि ह्यांचाच पाय गेला, आणि पायामागून हेही गेले. मला सांगायचंय ते तेवढंच.

कारखाना बंद पडला तशी मी युनिव्हर्सिटीच्या हॉस्पिटलात केटरिंगला लागले, मीटिंगांना चहा-बिस्किटं न्यायची. तिथल्या एका प्रोफेसरांनी नवीन योजना काढली होती. एकेका पेशंटला नाही, सगळ्या वस्तीलाच निरोगी करायचं, आणि दवाखान्यांना पैसे द्यायचे ते किती जणांची तब्येत नीट राखली त्यावर. कल्पना चांगली होती, मी वाईट म्हणत नाही. भिंतीवर शहराचा नकाशा, त्यात आमचा भाग लाल, कारण आमच्यात शुगर फार. त्या नकाशापुढे उभं राहून ते शुगरबद्दल बोलायचे आणि मग मी सगळ्यांना जॅमचे डोनट वाटायचे. ऑर्डरच तशी असायची.

ह्यांनाही शुगर. पाय बधिर होतात त्यात, म्हणून दरवर्षी आमच्या डॉक्टरांकडच्या नर्सबाई, जीन सिस्टर, पाय तपासायच्या. चांगली बाई हो. खाली बसून पेशंटचा पाय स्वतःच्या मांडीवर घ्यायची. ह्यांना तेच नको व्हायचं. मी म्हणायचे, अहो दाखवा की, तिचं कामच आहे ते. हे म्हणायचे, अगं, ती मला औषध देते, आणि तिने माझे पाय धरायचे? कुठे फेडू हे पाप? मी म्हणायचे, इथे त्याला पाय धरणं म्हणत नाहीत. हे म्हणायचे, ते तुला ठाऊक, मला तसंच वाटतं. मग सिस्टरने विचारलं, मिस्टर चौगुले, पाय बघितले तर चालेल ना, की हे हात जोडून, नो नो सिस्टर, ऑल फाइन. आणि ती बाई दुसऱ्याचा मान राखणारी, म्हणायची, हरकत नाही, तुमची मर्जी, आणि कॉम्प्युटरवर नको म्हणाले असं टिपायची. दरवर्षी हेच.

मग एका मार्चमध्ये हे अलॉटमेंटवर, म्हणजे कौन्सिल भाजी लावायला जमिनीचा तुकडा देतं तिथे, मेथीचे वाफे करत दिवसभर राबले. बुटात खडा गेलेला. ह्यांना पत्ता नाही. घरात थंडी म्हणून मोजे दिवसरात्र पायात, जखम मोज्याच्या आत. वास यायला लागला तर मला वाटलं उंदीर मेलाय, जावयाने फ्रिज ओढून मागे बघितलं. शेवटी नीताने, आमच्या मुलीने, जबरदस्तीने मोजा काढला. ती इथेच जन्मली, ओरडली, आई, बाबांचा बोट काळा झाला! एरवी मी तिचं मराठी सुधारते, त्या दिवशी नाही सुधारलं.

आधी बोट काढलं, मग गुडघ्यापासून खाली पाय. ऑपरेशनला नेताना सर्जनला काय म्हणाले असतील? सॉरी डॉक्टर, तुम्हाला माझ्या पायाला हात लावावा लागतोय. तिथून विष अंगात पसरलं, आणि दिवाळी काही ह्यांना दिसली नाही.

पुन्हा कामावर गेले तर मीटिंगला केक. पायांच्या तपासणीत आमचा भाग नकाशावर हिरवा झाला होता, टाळ्या चालल्या होत्या, मी ट्रॉली धरून उभी. पुण्याची एक मुलगी तिथे डॉक्टर आहे, मृण्मयी, मला काकू म्हणते. तिला बाहेर गाठून विचारलं, अगं, आमच्या घरातला पाय गेला, माणूस गेला, मग हिरवा कसा? ती म्हणाली, काकू, ज्यांनी नको म्हटलं त्यांना टक्केवारीत धरत नाहीत, दवाखान्यांवर अन्याय नको म्हणून. मी म्हटलं, मग कशात धरतात? ती म्हणाली, कशातच नाही, काकू. आणि रडायला लागली. मीच तिला पाणी दिलं.

राग करू तर कुणाचा करू? सिस्टरने ह्यांचा मान राखला, ह्यांनी सिस्टरचा राखला, दवाखान्यावरही अन्याय झाला नाही. सगळे किती नीट वागले बघा.

पुढे प्रोफेसर स्वतः किचनपर्यंत आले. म्हणाले, कॉन्फरन्समध्ये पाच मिनिटं तुमची गोष्ट सांगाल का, फार पॉवरफुल होईल. मी म्हटलं, सर, त्या वेळी मला सँडविच लावायची असतात.

आता मलाही शुगर निघालीय. पहिल्यांदा गेले तर जीन सिस्टरच. पाय बघू का, हे तिने खाली बघतच विचारलं. मी मोजे काढले. तिने पाय मांडीवर घेतला, एकेका बोटामधून बघितलं, तपासून झालं तरी बराच वेळ धरून ठेवला. देव त्या बाईला सुखी ठेवो. खरं सांगू? मलाही ओशाळं वाटतं हो, दर वेळी नको हा शब्द अगदी ओठांवर येतो. तो गिळते आणि पाय पुढे करते.