मूळ गावाचा रकाना

“हॅलो?… हां, राजी, बोल… अगं मोठ्यानं बोल, मागं काय जत्रा भरलीय का?… लागली यादी? कधी?… मग उभी काय राहिलीस, वाच ना माझं!”

दीपाने फोन कान आणि खांद्यामध्ये दाबला आणि दोन्ही हातांनी मटकीची वाटी आईपुढे सरकवली. गीताबाईंना पॅरालिसिसचा झटका येऊन तीन महिने झाले होते. उजव्या हाताने एकेक दाणा चिमटीत धरायचा आणि दुसऱ्या वाटीत टाकायचा, हा रोजचा अभ्यास. पोरगी ऑक्युपेशनल थेरपीच्या तिसऱ्या वर्षाला, त्यामुळे पुस्तकातलं सगळं आधी घरच्याच पेशंटवर चाललं होतं. आणि हात हलू लागला होता! डॉक्टर म्हणाले होते, जे काय परत यायचं ते बहुतेक सहा महिन्यांत येतं. तीन उरले होते. नेमकी तेवढ्याच दिवसांची क्लिनिकल पोस्टिंग समोर होती. ती इथल्याच हॉस्पिटलात मिळाली, तर संध्याकाळ आईची.

“…श्रीगोंदा? नाही गं, खालची-वरची ओळ वाचली असशील… दीपा महेंद्र, हो, मीच ती… नक्की?… अगं, मी तर पहिल्या पसंतीला इथलंच टाकलं होतं. भिंगारहून दहा मिनिटं. दुसऱ्यालाही तेच… मग पसंती विचारली कशाला? नावाला?… सर काय म्हणाले?… सोयीसाठी? कुणाच्या सोयीसाठी?… ज्याला त्याला आपापल्या गावाजवळ… अगं पण माझं गाव कुठाय तिक… थांब. थांब जरा. त्या फॉर्मवर रकाना होता ना, मूळ गाव?… मेले मी.”

मेलीच म्हणायची. दीपाचे आजोबा सहादू श्रीगोंदा तालुक्यातलं गाव सोडून भिंगारच्या छावणीत कामाला लागले, त्याला साठ वर्षं झाली. तिथं आता ना घर ना दार. दीपा जन्मात दोनदा त्या गावी गेली, ती दोन्ही वेळा दाखल्यापायी. पण जातीच्या दाखल्यावर तेच गाव, पडताळणीत तेच गाव, आणि पप्पांनी तिच्याकडून शाळेपासून घोकून घेतलेलं, की कागदाला कागद जुळला पाहिजे, नाहीतर स्कॉलरशिप अडकते. शहाण्या पोरीने जुळवला. शहाणपण असं अंगाशी आलं.

“तू काय लिहिलंस?… हॉस्टेलचा पत्ता? राहुरी नाही लिहिलं?… हुशार आहेस. आणि मिळालं कुठं?… इथलं. अच्छा… नाही गं, वाईट कशाला वाटेल… बरं ऐक ना, मी सरांना सांगते, तिथं आमचं कुणी राहत नाही म्हणून… तू विचारलंस? माझ्यासाठी?… यादी बदलत नाही. हं… मग?… अदलाबदल? दोघींच्या सह्या असल्या तर?… पाचपर्यंत. आत्ता सव्वाचार…”

कुणाकडे काही मागायचं म्हणजे या घरातल्या माणसांच्या जिवावर येई. पण हात आईचा होता.

“राजी, तू जाशील श्रीगोंद्याला?… तुझा मामाच आहे ना तिथं, राहण्या-जेवणाची… हॅलो? आहेस का?… हॅलो, आवाज येत नाहीये… येतोय? मग बोल ना… हं… हं… रविराज? म्हणजे मामाचाच मुलगा?… तू म्हणाली होतीस घरच्यांनी विषय सोडला… नाही सोडला… तीन महिने मामाकडं राहायचं म्हणजे सुपारी फुटलीच समज. हो… मग दुसरीकडं राहा ना, एखादी खोली… हो, तेही खरं. गावात मामा असताना भाची खोली घेऊन राहिली तर मामाचं नाक कापलं जाईल… आणि शिक्षण?… एवढी तीन वर्षं काढून?… अगं रडू नकोस… राजी… काय? काय म्हणालीस?… करतेस सही?… खरंच?”

होकार हातात होता. ‘आलेच’ म्हणायचं आणि गाडीला किक मारायची, एवढंच काम उरलं होतं. दीपाला पलीकडून नाक ओढल्याचा आवाज येत होता, आणि तिला राजीचा भयंकर राग आला. ही न रडता हो म्हणाली असती तर काय बिघडलं असतं! मग त्या रागाचीच लाज वाटली.

“नको… नको करूस… नको म्हणते ना एकदा! तुला तिकडं ढकलून मी इथं कशी बसू?… नाही, रागावले नाही… थोडी रागावले. जाईल… मम्मीचं? बघू. पप्पा आहेत ना… दाखवलंय त्यांना सगळं, वहीत लिहूनसुद्धा दिलंय. पण त्यांना बघवत नाही गं. ती घासाला हात घालते तोवर हे भरवून मोकळे. हाताला कामच पडलं नाही तर हात कशाला उठेल?… सांगून थकले. म्हणतात, जन्मभर तिनंच केलं, आता मला करू दे. काय बोलणार यावर?… येईन की, शनिवारी एसटीनं, रविवारी परत… हो. एका दिवसात नाही होत. मलाही माहितीये, तुलाही. एकाच वर्गात बसतो आपण… एक मिनिट हं… पप्पा! पप्पा, अहो, कप तिच्या हातात द्या ना… सांडला तर सांडू द्या… अहो, तिला जमतंय…”

महेंद्र नुकतेच ड्यूटीवरून आले होते. बूटही काढले नव्हते. त्यांनी चहा बशीत ओतला होता आणि दोन्ही हातांनी बशी धरून ती बायकोच्या ओठांशी नेली होती. गीताबाई लहान मुलीसारख्या पीत होत्या. उजवा हात मांडीवर तसाच पडून होता.

दीपा आणखी काहीतरी बोलणार होती.

“…पाजा,” ती म्हणाली. “गरम आहे, फुंकून पाजा… नाही गं राजी, तुला नाही म्हटलं… हो… हो, ठेवते.”