वंशावळीतली कापलेली फांदी

मानपाड्याच्या फ्लेक्सवाल्याकडे निशा आधारकार्ड लॅमिनेट व्हायची वाट बघत बसली होती. काउंटरपाशी नगरसेवक प्रफुल्ल आणि त्याची आत्या आवडाबाई गावदेवीच्या जत्रेतल्या फलकासाठी घराण्याची वंशावळ सांगत होते.

“सगळ्यात वर पणजोबा. खाली आजोबा, वकील. त्यांच्याखाली बाबा, न्यायाधीश. मग मी.”

“आनि गणूदादा?”

“आत्या, गणूकाकांशी आपली कोर्टात केस चालू आहे.”

“मंग? माजा बा वकील झाला तोच मुळी सख्ख्या भावाशी, गणूच्या बापाशी, मिठागराच्या बांधावरून भांडायला. ती फांदी कापलीस तर आपली फांदी कशापाई वाढली, ते लोकांना काय सांगशील?”

“बाबांना चालणार नाही.”

“तुजा बाप जज हाय ना? दोन्ही बाजू ऐकायची सवय असंल त्याला.”

“अगं, गणूकाकांशी आपल्या घरात कुणी बोलत पण नाही.”

“म्हनूनच. नाव लावलंस तर जत्रेला येल तरी. लई थकलाय रे. पुढच्या जत्रेला असंल का, देवीला ठावं.”

प्रफुल्ल फ्लेक्सवाल्याकडे वळला.

“बरं. टाका त्यांचं नाव.”

“साहेब, सगळ्यांच्या नावाखाली हुद्दा आहे. यांच्याखाली काय टाकू?” फ्लेक्सवाल्याने विचारलं.

“प्रतिवादी,” प्रफुल्ल म्हणाला.

आवडाबाईंनी पिशवीतून गणूदादाचा एक जुना फोटो काढून काउंटरवर ठेवला.

“लिव प्रतिवादी. पन फोटो जजच्या फोटोएवढाच लाव.”