कोऱ्या मशीनचा धंदा

—अरे, उठ आधी! दुकानात गुडघे कसले टेकतोस? खाली स्क्रू सांडलेत. पँटला भोक पडेल, मग जगाला सांगत फिरशील, मुलगी मागायला गेलो नि विजार घालवून आलो. त्या स्टुलावर बस. मोडकं आहे, बेतानं. कॉफी देतो, पाकिटातलीच आहे, तुमच्या ऑफिसातल्यासारखी फेसाची नाही मिळत योंगसानच्या कॉम्प्युटर बाजारात.

तर दो-गुन — दो-गुनच ना? — सो-दाम म्हणाली, बाबा, तो कायद्याच्या ऑफिसात आहे. मला वाटलं, वकील! तिच्या आईनं तर शेजारणीला सांगूनही टाकलं, आम्हाला वकील जावई मिळतोय म्हणून. आणि निघालास कोण? तर सॉफ्टवेअर कंपन्यांच्या वतीनं आम्हा जुन्या कॉम्प्युटरवाल्यांना नोटिसा धाडणारा! गिऱ्हाईक बनवून माणसं पाठवायची, गोड बोलून आम्हाला फशी पाडायचं — याला शिक्षण लागतं म्हणे. मांजरं करतात रे हे, पदवी न घेता.

नियम मला नको शिकवूस. तुझ्या आईच्या कडेवर होतास तेव्हापासून मी इथं मशीनं उघडतोय. बाजाराची रीत काय? मशीन विकायचं कोरं. बिलावर काय — मशीन. आत काय — काही नाही. मग गिऱ्हाइकाला म्हणायचं, आजोबा, जरा कॉफी घ्या. त्याचा कप रिकामा होईतो मशीन सगळ्या सॉफ्टवेअरनं भरलेलं. याला विक्री नाही म्हणत कोणी, 'सर्व्हिस' म्हणतात, सर्व्हिस! शेवया मागवल्या की सारण भरून तळलेल्या मांडूची बशी फुकट येते, तशी. मांडूवाल्याला धाडलीस कधी नोटीस? नाही ना? स्वतः खाल्ले असशील.

पण नाही! आता माझी पोरगी मला शिकवते — म्हणजे अक्कल तुझी, तोंड तिचं — की बाबा, बँकेनं काढून टाकलेली मशीनं आपण घेतली म्हणून बँकेचं लायसन्स आपल्याकडे येत नाही, ते बँकेचं बँकेतच राहतं. ज्या मशीनच्या पाठीवर लायसन्सचं स्वतःचं लेबल आहे, त्याचं लायसन्स त्याच मशीनबरोबर. मदरबोर्ड बदलला की तेही गेलं. आणि नक्कल फुकट दिली तरी नक्कलच. ऐकलंस? मी माणसाला काहीतरी फुकट देतो आणि मी चोर! गिऱ्हाइकांच्या तोंडावर सांगायला लागली — मिळणार नाही, परवानगी नाही. गिऱ्हाईक सरळ समोरच्या दुकानातल्या प्योकडे. प्यो दात काढून म्हणायचा, यॉम, तुझ्या पोरीला पगार मीच द्यायला हवा! हसलो मी. काय करणार? घरी जाऊन मात्र जेवलो नाही.

आणि तो म्हातारा! डोळ्यांवर टोपी ओढलेली, नातवाला कॉम्प्युटर हवाय म्हणाला. आवाज असा, की दगड वितळावा. मी म्हटलं, आजोबा, नातवाला सर्व्हिस आमच्याकडून. पेनड्राइव्ह हातात घेतली — आणि सो-दाम धावत आत आली आणि ती हिसकावली माझ्या हातून! चारचौघांत! बापाच्या हातातून! वर म्हाताऱ्याला वाकून म्हणते, लायसन्स तुम्हाला वेगळं विकत घ्यावं लागेल, आम्ही तसं भरून देत नाही. म्हातारा उठला, प्योकडे गेला. आठवडा उलटायच्या आत प्योचं शटर खाली, मशीनं जप्त. परवा प्यो दिसला, पुलाखाली छत्र्या विकत होता. माझ्याकडे बघितलं नाही त्यानं.

प्यो लबाड होता, कबूल. पण त्याच्या जागी मी — जाऊ दे.

नाही, पण ऐक. एक गोष्ट माझ्या डोक्यात बसत नाही. त्या दिवशी सो-दाम दुकानात येणारच नव्हती. घरी वर्षभराची किमची घालायला सगळ्या बायका जमल्या होत्या. कोबी पसरलेला टाकून कोणती मुलगी उठते? आणि ही आली, कोपरापर्यंत तिखट माखलेली, बसमधून तशीच! त्या पेनड्राइव्हला अजून लसणाचा वास येतो. तिला कसं कळलं? रोज किती म्हातारे येतात बाजारात, सगळ्यांना नातू असतात. याच म्हाताऱ्यासाठी ती का धावली? कोणी केला फोन तिला? कोण कुठल्या दुकानात जाणार, हे तुमच्या ऑफिसाबाहेर कोणाला ठाऊक—

थांब. तोंड उघडू नकोस. मीट ते.

मान खाली का घातलीस? कान केवढे लाल झालेत तुझे. अरे गाढवा! कळलं असतं तर नोकरी गेली असती तुझी! जगाला नियम सांगायचे आणि आपल्या माणसाला आतून बातमी द्यायची? असल्या दुतोंड्याला मुलगी देऊ? बरं, समजा नाही म्हणालास, फोन करणारा मी नव्हतोच — तर मग माझ्या दुकानावर माणूस येतोय हे माहीत असून तू फायली लावत बसला होतास. असल्या दगडाला देऊ? म्हणजे हो म्हटलंस तरी मेलास, नाही म्हटलंस तरी मेलास. तेव्हा काहीच म्हणू नकोस. आज नको, लग्नात चार घोट पोटात गेल्यावरही नको, तिच्या आईनं खोदून विचारलं तरी नको. आणि मला तर कधीच सांगू नकोस. मला कोणाचे उपकार नको आहेत.

काय बघतोस? लग्नात म्हणालो? बरं, म्हणालो. कॉफी गार झाली, ठेव ती. चल, नीघ. मला कामं आहेत.

तिकडून कुठे? मागच्या जिन्यानं नको. पुढून जा, सगळ्या दुकानांसमोरून — आणि मान वर ठेव. बघू दे बाजाराला, यॉमकडे कोण येऊन गेलं ते.