खालचा कप्पा

भाची : आत्या, झाकण पार जाम बसलंय. तेल सोडलं तरी हलत नाही.

आत्या : हलेल कसं? माझ्या आईने हातोडीने ठोकून बसवलंय. तू मात्र बापासारखी घिसाडघाई करू नकोस, बोट कापेल.

भाची : संग्रहालयवाले म्हणत होते, आम्हीच उघडू. इथल्या खाणीत वाफेची यंत्रं नवी होती तेव्हाचा डबा, आता बघायलाही मिळत नाही म्हणे.

आत्या : नको. परक्यांनी उघडायच्या आधी मला कळलं पाहिजे.

भाची : काय कळायचंय त्यात? आजोबा खाणीत न्यायचे तो डबा, एवढंच ना?

आत्या : दोन कप्पे आहेत बघ. वरचा दुपारी खायचा, खालच्याला हात लावायचा नाही. आत अडकलो तर तेवढंच आपलं. खाणीतले सगळेच तसं करायचे. बाबा सुखरूप वर आले की खालचा कप्पा माझा नि तुझ्या बापाचा. फाटकातच जुंपायची आमची.

भाची : आणि आजोबा गेले तेव्हा?

आत्या : खाण ढासळली. त्यांना बाहेर काढायला फार दिवस लागले. साहेब म्हणाले, जागच्या जागी गेले, कळलंही नसेल त्यांना. डबा तेवढा घरी आला. आईने आमच्याकडे पाठ करून उघडला. म्हणाली, "खालचा कप्पा भरलेला आहे. बाबांना त्रास नाही झाला." आणि लगेच ठोकून बंद केला.

भाची : तू नाही बघितलास?

आत्या : दाखवलाच नाही. जन्मभर त्या एका वाक्यावर झोपले मी.

भाची : मग राहू दे ना, आत्या. आहे ते बरं आहे.

आत्या : उघड.

(झाकण निघाल्याचा आवाज.)

आत्या : बोल की.

भाची : आहे, आत्या. भरलेला आहे. वाळून गेलंय सगळं, पण आहे.

आत्या : मग पाठ का फिरवलीस? आईनेही अशीच फिरवली होती.

भाची : आत्या...

आत्या : आण इकडे. आपल्या घरात खोटं बोलणं कुणाला जमलंय?

भाची : रिकामा आहे गं. पुसून खाल्ल्यासारखा.

आत्या : म्हणजे जिवंत होते. अंधारात, वाट बघत. आणि आईने हे एकटीने गिळलं.

भाची : झाकण लावू का?

आत्या : राहू दे. जेवले गं. उपाशी नाही गेले माझे बाबा.