केशरी ठिपका

दादा : आठ जीबीचं ग्राफिक्स कार्ड घे, ठमे. सोळाचं घेऊन काय त्याला हार घालणार आहेस?

ठमी : आठ पुरेल?

दादा : तुझ्या कामाला चिक्कार झालं. लग्नं, वाढदिवस, घरबसल्या करायचं एडिटिंग. अंथरूण पाहून पाय पसरावेत माणसानं.

ठमी : शाळेची फिल्म चार कॅमेऱ्यांची होती.

दादा : ती एकच. आणि ती तुझ्याच्यानं झाली कुठे? शेवटी मलाच करावी लागली ना?

ठमी : हो. तूच केलीस.

दादा : टोमणा मारतेस?

ठमी : नाही रे, विचारतेय. दोन क्लिप एकावर एक ठेवल्या की चित्र अडकतं. रंग सारखे करायला घेतले की सगळंच गोठतं. आधी असं नव्हतं. हेच मशीन, हेच कार्ड. मग सात महिन्यांपूर्वी अचानक काय बिघडलं?

दादा : किती वेळा सांगू? सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन जड आहे, कार्ड म्हातारं झालंय. त्यात तू एकेका चित्रावर आठ-आठ इफेक्ट चढवतेस.

ठमी : म्हणजे चूक माझीच.

दादा : चूक कोण म्हणतंय? सवय म्हणतोय. मीच शिकवलंय तुला, मला नाही का माहीत? चल, कॅबिनेट उघडतो. नवीन कार्ड आत मावेल का, लांबी मोजून घेऊ. टॉर्च धर.

ठमी : उघडलेलंच आहे. स्क्रू त्या बशीत आहेत.

दादा : कोणी उघडलं?

ठमी : मी.

दादा : तू? लहानपणापासून टॉर्च धरण्यापलीकडे काही केलं नाहीस! शॉक बसला असता म्हणजे?

ठमी : दुकानदारानं फोनवर विचारलं, सध्याचं कार्ड कुठलं आहे, त्यावरचं नाव वाचून सांगा. तुला तीनदा फोन लावला. तू उचलला नाहीस. म्हटलं, आपणच बघावं.

दादा : बरं. मग?

ठमी : ठिपका दिसला.

दादा : असणारच. तू घरातल्या चमच्यांनासुद्धा नेलपॉलिशचे ठिपके देशील.

ठमी : चमच्यांना नाही, कामाच्या सामानाला. शूटिंगला चार जणांच्या बॅटऱ्या, वायरी एकत्र होतात आणि घरी येताना भलतंच हाती लागतं. म्हणून घेतलेली प्रत्येक वस्तू खोक्यातून काढली की आधी ठिपका. ते कार्डसुद्धा.

दादा : माहितेय गं बाई. ठिपका आहे, म्हणजे कार्ड तुझं. मिटलं.

ठमी : जांभळा आहे.

दादा : बरं, जांभळा.

ठमी : मी दरवर्षी रंग बदलते, दादा. म्हणजे कुठली वस्तू किती जुनी ते लगेच कळतं. जांभळा या वर्षीचा. कार्ड घेऊन चार वर्षं झाली. त्या वर्षी केशरी होता. ती बाटली केव्हाच वाळून गेली.

(दादा बशीतला एक स्क्रू उचलतो, परत ठेवतो.)

दादा : मधे कधीतरी परत दिला असशील. विसरली असशील.

ठमी : मीही स्वतःची हीच समजूत घातली. तरी राहवेना. काल दुपारी वहिनीला भेटायचं निमित्त काढून तुझ्याकडे गेले. तुझ्या कॅबिनेटला एका बाजूनं काच आहे ना, आतले दिवे दिसावेत म्हणून. हौस तुझी.

दादा : ठमे, ऐक...

ठमी : केशरी. पंख्याशेजारी. माझ्याच हातचा, जरासा ओघळलेला.

दादा : माझं कार्ड जळलं होतं गं. हातात मोठं काम होतं. तू मशीनचा पंखा साफ करायला बोलावलंस, आणि... आठवड्यापुरतं म्हणून नेलं. तुझ्यात माझं जुनं, पडून असलेलं कार्ड बसवलं. आईशप्पथ.

ठमी : आठवड्यापुरतं नेणारा माझ्या ड्रॉवरमधली नेलपॉलिश काढून खोटा ठिपका देत नाही.

दादा : वाटलं, तुझ्या लक्षात येणार नाही.

ठमी : आलंच नाही रे! तेच तर जिव्हारी लागलंय. सात महिने मला वाटत होतं, मीच संपले. ती फिल्म वर्षभर मी शूट केली. मुख्याध्यापिकाबाईंच्या मागे मागे पायऱ्या चढले-उतरले. आणि इथे मशीन रोज अडकायचं. शेवटी तुझ्या हातात हार्ड डिस्क दिली आणि रडले मी. तू पाठीवर हात ठेवलास. म्हणालास, सगळ्यांनाच सगळं जमत नाही.

दादा : मी धीर देत होतो.

ठमी : माझ्याच कार्डावर माझीच फिल्म पुरी केलीस. पडद्यावर एकट्या तुझं नाव आलं आणि पहिल्या रांगेत बसून मी टाळ्या वाजवल्या. शाळेनं पुढचं कामही तुलाच दिलं. केसानं गळा कापलास, दादा. परक्यानं केलं असतं तर शिव्या देऊन मोकळी झाले असते.

दादा : मागायची लाज वाटली. तुला माउस धरायला मी शिकवलं. तुझ्यापुढे कसा हात पसरू?

ठमी : मागितलं असतंस तर मी नाहीच म्हटलं असतं. आपण कडाकडा भांडलो असतो. आई मधे पडली असती. आणि दुसऱ्या दिवशी मी स्वतः आणून दिलं असतं.

दादा : आईला सांगितलंस का?

ठमी : तुला आधी हे विचारावंसं वाटलं.

दादा : तसं नाही गं. हे बघ, नवीन कार्ड मी घेऊन देतो. सोळा जीबीचं.

ठमी : मघाशी आठ चिक्कार होतं.

दादा : चुकलो, ठमे. उद्या सकाळी तुझं कार्ड आणतो आणि बसवून देतो. झालं?

ठमी : तू नको आणूस. मी येते तुझ्याकडे. आणि त्या फिल्मची फाइल काढून ठेव. शेवटची नावांची पाटी मला बदलायची आहे. मग ती शाळेत नेऊन मी स्वतः दाखवणार आहे.

दादा : ये. पण कार्डाला हात लावू नकोस, मी काढतो. तिथे जागा अडचणीची आहे, मागे एक खटका दाबावा लागतो. तुला जमायचं नाही.

ठमी : जमेल. तू टॉर्च धर.